गाजर गवतावरचा तांबेरा दुकानात का मिळत नाही, आणि या पावसात मग करायचं काय

पावसाने जोर धरला की आठ-दहा दिवसांत बांध, चर, शेतरस्ता, गोठ्यामागची जागा, जिकडे बघावं तिकडे गाजर गवताची रोपं, आणि मग ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो की या गवतावर म्हणे तांबेरा (पानावर गंजासारखी भुकटी पाडणारी बुरशी) पडतो, तो सोडला की गवत आपोआप मरतं, तर कुठे मिळेल? सरळ सांगतो, मिळत नाही. पण गोष्ट अगदीच थाप नाहीये, म्हणून जरा समजून घ्या.

तांबेरा म्हटलं की आपल्याला गहू नाहीतर सोयाबीन आठवतं आणि पोटात गोळा येतो. पण तांबेऱ्याच्या बुरशीच्या हजारो जाती आहेत आणि बहुतेकींचं खाणं ठरलेलं असतं, गव्हावरची सोयाबीनवर जात नाही, सोयाबीनवरची गाजर गवतावर जात नाही. याच गुणामुळे परदेशात तण मारायला तिचा वापर झाला. ऑस्ट्रेलियाने 1971 मध्ये इटलीतून तांबेरा आणून गव्हातल्या स्केलेटन वीड नावाच्या तणावर सोडला. त्या तणाचे तिकडे तीन प्रकार होते, त्यातला अरुंद पानाचा भराभर कमी झाला आणि मोकळ्या झालेल्या जागेत उरलेले दोन पसरले! एकाच तणाच्या प्रकारांतही ही बुरशी निवड करते म्हणजे बघा.

गाजर गवतावर दोन तांबेरे आहेत, दोन्ही मूळचे मेक्सिकोकडचे. थंडीत चालणारा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 1991 ला सोडला, उन्हाळी हवेत चालणारा नंतर 2000 च्या आसपास. थंडीवाला आपल्याकडे बेंगळुरू-होसूर भागात कोणी न सोडताच सापडलाय, पण त्याने तिथलं गवत काही हटलं नाही. त्याला थंड रात्री आणि पानावर बराच वेळ टिकणारं दव लागतं, आणि मराठवाड्या-विदर्भात तशी थंडी पडेपर्यंत पावसाळी गवत फुलून बी टाकून मोकळं झालेलं असतं.

आता बाटलीत का येत नाही ते. ट्रायकोडर्मा ही दुकानात मिळणारी उपयोगी बुरशी लॅबमध्ये धान्यावर वाढवून पावडर करता येते, तांबेरा मात्र जिवंत पानावरच जगतो, त्यामुळे शास्त्रज्ञ सुद्धा तो कुंडीतल्या झाडांवर सांभाळतात. मिकानिया नावाच्या तणवेलीला मारायला त्रिनिदादमधला तांबेरा सगळ्या चाचण्या, परवानग्या करून 2005 ला आसामात आणि 2006 ला केरळात सोडला होता, तो तिथे टिकला नाही, आणि तीच बुरशी तैवान, फिजी, पापुआ न्यू गिनीत छान बसली. एवढी यंत्रणा लावून ही गत, तेव्हा 'तांबेऱ्याची पावडर' म्हणून कोणी पुडी पुढे केली तर पैसे खिशातच ठेवा. आणि सोयाबीनची तांबेरा पडलेली पानं आणून गवतावर घासायचा उद्योग तर अजिबात नको, गवताला काही होणार नाही, रोग मात्र आपल्याच पिकात फिरेल.

तरी गवताची पानं उलटी करून बघायची सवय ठेवा. पानाखाली बारीक फोड आणि बोट फिरवलं की तपकिरी भुकटी लागली तर तांबेरा असू शकतो, ते पान कागदात (प्लॅस्टिकमध्ये नको, सडतं) गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पांढरी भुकटी असेल तर ती भुरी. आणि शेंड्याला बारीक पानांचा झुपका, फुलं हिरवी झालेली असं दिसलं तर तो तुडतुड्यांनी पसरणारा पर्णगुच्छासारखा रोग आहे, तसं झाड लगेच उपटा, खास करून शेजारी तीळ असेल तर.

आपल्याकडे खरं काम करतो तो मेक्सिकन भुंगा, 1984 मध्ये बेंगळुरूला आणलेला. फिकट पांढुरका, पाठीवर काळपट नागमोडी पट्टे. चांगला पाऊस झाला की जमिनीतून वर येतो, भुंगेही पानं खातात आणि अळ्याही. जवळपास कुठे गवत चाळणीसारखं खाल्लेलं दिसलं तर सकाळी पाचशे-हजार भुंगे गोळा करा, भोकं पाडलेल्या डब्यात गवताच्या पानांसकट आणा आणि पडीक जागेतल्या दाट गवतात सोडा. त्या तुकड्यावर तणनाशक, कीटकनाशक मारू नका आणि नांगरू पण नका, कारण कोष मातीत असतात. पहिल्या वर्षी चमत्कार दिसेलच असं नाही. सूर्यफुलावर तो जातो अशी ओरड मागे झाली होती, त्यामुळे सूर्यफुलाच्या अगदी कडेला सोडू नका एवढंच.

पिकातलं आणि बांधावरचं मात्र हातानेच, फुलं यायच्या आधी, माती ओली असताना मुळासकट. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल हवाच, अंगाला खाज सुटली की महिनोनमहिने जात नाही. शेजारी भुईमूग-सूर्यफूल असेल तर टाळाटाळ नकोच, 2000 साली आंध्रात अनंतपूरला ज्या विषाणूने भुईमुगाचं प्रचंड नुकसान केलं त्याचा मोठा साठा याच गवतात होता, परागकण आणि फुलकिडे मिळून तो पिकात नेतात. मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचं बी पेरा, तो गाजर गवताला वर येऊ देत नाही. उपटलेलं गवत फुलाआधीचं असेल तर खुशाल कंपोस्टला टाका, फुलं आलेलं असेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, एका झाडावर हजारो बिया असतात आणि त्या शेणखताबरोबर परत शेतात येतात.