सर्व्हरलेसमध्ये डिपेन्डन्सी इंजेक्शन: डिप्लॉय करण्याआधी एवढं तपासा

सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर आपण न सांभाळता क्लाउडवर चालणारी फंक्शन्स; डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे क्लासला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः न बनवता त्याला बाहेरून देणं. मागच्या वेळी माझ्या फंक्शनने एका युजरच्या ऑर्डर्स दुसऱ्याच युजरला दाखवल्या. पुन्हा तसं होऊ नये म्हणून ही यादी.

इंटरफेस, कन्स्ट्रक्टर वगैरे तुम्हाला येतंच. कंटेनर (क्लासना लागणाऱ्या वस्तू बनवून देणारा) हँडलरच्या (प्रत्येक कॉलला चालणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर, एकदाच बांधा. आत बांधलात तर प्रत्येक कॉलला सगळी नोंदणी नव्याने होते आणि डेटाबेसची कनेक्शनंही नवी उघडतात. पोस्टग्रेस डेटाबेस सेटिंग न बदलल्यास 100 कनेक्शनंच घेतं, तेव्हा एकावेळी फंक्शनच्या किती इन्स्टन्स (चालू प्रती) उठतील याचा हिशेब आधी मांडा. एचटीटीपी क्लायंट सिंगलटन, म्हणजे सगळ्या कॉलना मिळून एकच.

आता लाइफटाइम, म्हणजे एखादी वस्तू किती काळ जिवंत राहते. इथे घाई करू नका. कॉल संपला म्हणून प्रोसेस मरत नाही. तीच इन्स्टन्स पुढचा कॉल घेते आणि सिंगलटनच्या पोटात जे राहिलं ते तसंच असतं. माझा युजर आयडी धरणारा क्लास स्कोप्डच होता, म्हणजे प्रत्येक कॉलला नवा बनणारा. पण तो मी एका सिंगलटनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये दिला, आणि पहिल्या कॉलचा आयडी तिथेच अडकून बसला. म्हणून प्रत्येक सिंगलटन उघडा आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये काय काय येतं ते वाचा. त्या गोष्टींच्या आत काय येतं तेही वाचा. डॉटनेटमध्ये प्रोव्हायडर (तिथला कंटेनर) स्वतः बांधत असाल तर स्कोपची तपासणी, म्हणजे सिंगलटनमध्ये स्कोप्ड गोष्ट शिरली तर पकडणारी, मुळात बंद असते. ती चालू करा. प्रत्येक कॉलला नवा स्कोप उघडा, शेवटी बंद करा.

आणि टेस्ट: एकाच प्रोसेसमध्ये हँडलर दोनदा बोलवा, दोन वेगळ्या युजरने. माझ्या सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, कारण प्रत्येक टेस्ट नवा कंटेनर बांधायची. दुसरा कॉल कधी झालाच नाही.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर एक इन्स्टन्स एकाच वेळी अनेक कॉल चालवते, त्यामुळे तिथे सिंगलटन थ्रेड-सेफही हवा, म्हणजे अनेक कॉलनी एकदम वापरला तरी न बिघडणारा. ॲमेझॉनच्या लॅम्डाची नेहमीची इन्स्टन्स एका वेळी एकच कॉल घेते, पण अडकलेला आयडी तिथेही अडकलेलाच राहतो.

ॲझ्युरच्या इन-प्रोसेस मॉडेलचा (तुमचा कोड ॲझ्युरच्याच प्रोसेसमध्ये चालतो) सपोर्ट 10 नोव्हेंबर 2026 ला संपतो. नवं काम आयसोलेटेड वर्करमध्येच (वेगळ्या प्रोसेसमध्ये) करा. कोल्ड स्टार्टला (नवी इन्स्टन्स सुरू होताना) जड वाटणाऱ्या गोष्टी लेझी ठेवा, म्हणजे लागतील तेव्हाच बनवा. पासवर्ड कॅश केला असेल तर त्याला मुदत घाला. लॉगमध्ये रिक्वेस्ट आयडी.

दोन युजरची ती टेस्ट लिहिली का? नसेल तर डिप्लॉय थांबवा.