जिप्सीचे पाटे मोकळे कसे करावेत

मारुती जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) आहेत. सह्याद्रीतल्या दगडी वाटांवर ती दणके देते, म्हणून बरेच जण थेट लांब शॅकल (पाट्यांचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) बसवतात. त्याने गाडी उंच होते, मऊ होत नाही. कडकपणाचं मोठं कारण पाट्यांच्या मधे असतं, ते म्हणजे गंज. चाक दगडावर चढलं की पाटे एकमेकांवर सरकले पाहिजेत. गंजाने धरलेले पाटे एकाच जाड पट्टीसारखे वागतात. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत तर हे फार लवकर होतं.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसऱ्या बाजूचे पाटे ॲक्सल जागेवर धरून ठेवतात. बाकीच्या चाकांना ओट लावा, चेसिसखाली घोडी (आधाराचा स्टँड) आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक द्या. चाक आणि शॉकअपचं खालचं टोक काढा. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) सुटत नसतील तर सरळ कापा. एकदा ताणलेले यू बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. चारही चाकांच्या पाट्यांना मिळून आठ नवे लागतात.

सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) खोलण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना सी क्लॅम्प आवळा, नाहीतर पाटे उसळून हाताला लागतात. प्रत्येक पाट्यावर खडूने क्रमांक आणि पुढची बाजू लिहा. आता वरच्या पाट्याच्या पोटावरून नख फिरवा. खालच्या पाट्याचं टोक जिथे घासतं तिथे नख अडकलं, तर चर पडली आहे. चर खोल असेल तर तो पाटा बदला, कारण तडा तिथूनच जातो. उरलेले पाटे तारेच्या ब्रशने घासा आणि टोकांच्या धारदार कडा ग्राइंडरने गोल करा. पाटा लाल होईपर्यंत तापवू नका आणि त्यावर वेल्डिंग तर कधीच नको. पोलादाचं पाणी (टेम्पर) उतरलं की पाटा बसतो किंवा तुटतो.

टोकांवर ३ मिलिमीटर जाडीच्या एचडीपीईच्या (टणक प्लास्टिकच्या) छोट्या पट्ट्या बसवा. टोकाला वाकण्याचा ताण जवळजवळ नसतो, म्हणून तिथे रिव्हेटचं बारीक भोक चालतं, मधे कुठेही चालत नाही. यू बोल्टखाली पट्टी येऊ देऊ नका. ती दबते आणि बोल्ट सैल पडतात. पट्ट्या मिळाल्या नाहीत तर ग्राफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. मात्र ओढ्यातून गाडी काढली की तो धुऊन जातो.

पाटा कमी करायचा मोह होतोच. सारख्या जाडीच्या चार पाट्यांतला एक काढला की कडकपणा साधारण २५ टक्के उतरतो. पण गाडी खाली बसते, आणि चढावर जोर दिला की ॲक्सल पिळवटून चाक उड्या मारतं. मोकळे केलेले पाटे आठवडाभर चालवून मगच हे ठरवा. काढलाच तर दोन्ही बाजूंचा काढा, मेन (सगळ्यात वरच्या) पाट्याला आणि त्याच्या खालच्याला हात लावू नका.

बसवताना शॅकलचे आणि डोळ्याचे (पाट्याच्या गोल वळवलेल्या टोकाचे) बोल्ट नुसते अडकवून ठेवा. गाडी चाकांवर उतरवून, दोनदा दाबून मगच आवळा. हवेत लटकत असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि फाटतात. यू बोल्ट तिरके-तिरके, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

लांब शॅकल हवेच असतील तर हिशेब असा: शॅकल २ इंच लांब, तर उंची सुमारे १ इंच. जिप्सीत पुढचे शॅकल पुढच्या टोकाला असल्याने कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) घटतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावर भटकतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल रस्त्यावरच्या गाडीला अडचणीचे ठरतात.

शेवटी एक चाक दगडावर चढवा आणि लोंबणाऱ्या चाकाकडे बघा. ब्रेकचा पाइप तिथेही सैल दिसला पाहिजे. ताणलेला असेल तर लांब पाइप बसवल्याशिवाय गाडी वाटेवर नेऊ नका.