कम्युनिटी कॉलेजातून मेडिकलचे विषय घेताय? या चुका टाळा

‘कम्युनिटी कॉलेजात घेतलेली केमिस्ट्री मेडिकल स्कूल चालवून घेतात का?’ अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं बारावीच्या उंबरठ्यावर आली की हा प्रश्न निघतोच. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं स्वस्त स्थानिक कॉलेज. उत्तर सोपं आहे. बहुतेक शाळा चालवून घेतात, काही नाक मुरडतात, थोड्या नाही म्हणतात. कोण काय म्हणतं ते एएएमसीच्या (अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या) ‘एमएसएआर’ या यादीत शाळेगणिक दिलेलं असतं. तिची वर्गणी भरा आणि ज्या शाळांत अर्ज करायचा त्यांची पानं स्वतः वाचा. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका.

अर्ज अडतो तो सहसा कॉलेजच्या नावामुळे नाही, कॉलेजचा विषयांचा कॅटलॉग न वाचल्यामुळे अडतो. साधारण मागणी अशी असते: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स प्रत्येकी एक वर्ष, प्रयोगशाळेसकट, बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर, इंग्रजी, बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी. यादी छोटी दिसते म्हणूनच लोक तिला हलक्यात घेतात.

नाव बघून विषय घेणं

कॅटलॉगमध्ये ‘केमिस्ट्री’ नावाचे चार-पाच विषय असतात. एक नर्सिंगवाल्यांचा, ज्यात जनरल, ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री एकाच भांड्यात शिजवलेली असते. एक पूर्वतयारीचा, ज्यांची शाळेतली केमिस्ट्री कच्ची आहे त्यांच्यासाठी. आणि एक विज्ञान शाखेच्या मुलांचा, दोन किंवा तीन टर्मांचा. तुम्हाला हवा तो शेवटचा. अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजी कितीही मेडिकल वाटली तरी ती जनरल बायोलॉजीच्या जागी बसत नाही. ओळखायची खूण एकच: वर्णनात ‘केमिस्ट्री किंवा बायोलॉजी मेजरसाठी’ असं लिहिलेलं असलं पाहिजे. कॅलिफोर्नियात असाल तर ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर तो विषय यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) कुठल्या विषयाशी जुळतो ते बघा. जुळत नसेल तर पुढचा वाद घालत बसू नका.

क्वार्टर आणि सेमिस्टर यांची खिचडी

ही चूक दरवर्षी दिसते, आणि दरवर्षी हुशार मुलंच करतात.

बे एरियात डी अ‍ॅन्झा आणि फुटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे वर्षाच्या तीन टर्मांवर, चालतात, आसपासची बहुतेक, सॅराटोगाचं वेस्ट व्हॅली धरून, सेमिस्टरवर, म्हणजे दोन टर्मांवर. क्वार्टर कॉलेजात जनरल केमिस्ट्री तीन टर्मांत संपते: १-ए, १-बी, १-सी. सेमिस्टर कॉलेजात दोन टर्मांत: १-ए, १-बी. नंबर सारखे, माल वेगळा.

नेहमीचा प्रकार असा. मुलाने क्वार्टर कॉलेजात १-ए केलं, ग्रेड ‘ए’. पुढच्या टर्मला १-बी भरलेलं, वेटलिस्टवर विसावा नंबर. तेवढ्यात कोणीतरी सांगतं की शेजारच्या कॉलेजात १-बी ला जागा आहे आणि तिथे टर्म अजून सुरू व्हायची आहे. चांगलंच झालं, म्हणून मुलगा तिथे नाव घालायला जातो. नशीब चांगलं असेल तर तिथलं कॉलेज पूर्वअट पुरी नाही म्हणून दारातूनच परत पाठवतं. नशीब वाईट असेल तर आत घेतं. आता हिशोब करा. क्वार्टरच्या १-ए मध्ये वर्षाचा एक तृतीयांश भाग होतो. सेमिस्टरचं १-बी वर्षाच्या मध्यापासून सुरू होतं. मधला सहावा हिस्सा त्याला कोणीच शिकवलेला नाही. वर्गात पहिल्या दिवसापासून अभिक्रियेचा वेग आणि संतुलन सुरू, आणि मागचे धडे याला रात्री एकट्याने भरून काढावे लागतात. ‘ए’ चा ‘सी’ असाच होतो.

उलटी चूकही तितकीच सर्रास. क्वार्टरचं १-ए आणि १-बी करून ‘दोन झाले, म्हणजे वर्ष झालं’ असं समजणं. विषयाचं वजन युनिटमध्ये मोजतात, आणि एक क्वार्टर युनिट म्हणजे दोन तृतीयांश सेमिस्टर युनिट. पाच-पाच युनिटचे दोन विषय म्हणजे १० क्वार्टर युनिट, म्हणजे ६.६७ सेमिस्टर युनिट. मेडिकल स्कूलला साधारण ८ हवीत. १-सी राहिलंच, आणि बहुधा १-सी शिवाय ऑरगॅनिकला बसूही देत नाहीत.

उपाय कंटाळवाणा आहे: एक साखळी सुरू केली की ती त्याच कॉलेजात संपवा. नोंदणीच्या दिवशी सकाळी लवकर उठा, वेटलिस्टवर असाल तर पहिल्या तासाला वर्गात जाऊन बसा. बऱ्याच जागा पहिल्या आठवड्यात मोकळ्या होतात, कारण बाकीचेही तुमच्यासारखेच अधीर असतात.

साखळीची लांबीही कागदावर मांडा. सेमिस्टर पद्धतीत जनरल केमिस्ट्रीच्या दोन, ऑरगॅनिकच्या दोन, मग बायोकेमिस्ट्री: एकामागून एक पाच टर्म. छोट्या कॉलेजात ऑरगॅनिकचा दुसरा भाग वर्षातून एकदाच, वसंतात, दिला जातो. तो चुकला की वर्ष गेलं.

जुना ग्रेड पुरून टाकता येतो असं वाटणं

नाही येत. एमडी शाळांचा सामायिक अर्ज एएमसीएएस मागतो प्रत्येक अमेरिकन कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक), जिथे तुम्ही एक विषय घेतला असेल तिथलंसुद्धा. ते युनिट पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात हस्तांतरित झालेले असले तरी मूळ कॉलेजचा कागद लागतोच. हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एनरोलमेंटखाली घेतलेले विषयही यात आले, आणि ते जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) मोजले जातात. इथेच बहुतेक आई-बाबा दचकतात. अकरावीच्या उन्हाळ्यात ‘काहीतरी कॉलेजचं करून ठेव रे’ म्हणून पोराला प्रीकॅल्क्युलसला बसवलेलं असतं, तो पोहायला जात राहिला आणि ‘सी’ मिळाला. चार वर्षांनी घरात कोणाला ते आठवतही नाही. कॉलेजच्या दफ्तरात मात्र ते आहे.

दुसरी गैरसमजूत पुन्हा घेतलेल्या विषयाची. कॉलेज म्हणतं, पुन्हा घ्या, नवा ग्रेड धरू. एएमसीएएस दोन्ही धरतं. आकडा बघा (युनिटमागे ‘ए’ चे ४, ‘सी’ चे २): पाच युनिटची केमिस्ट्री आधी ‘सी’, मग ‘ए’. कॉलेजच्या कागदावर ४.०. एएमसीएएसच्या हिशोबात (१० + २०) भागिले १०, म्हणजे ३.०. त्यात ते विसरलेलं चार युनिटचं प्रीकॅल्क्युलस ‘सी’ मिळवा: ३८ भागिले १४, म्हणजे २.७१. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए तिथे वेगळा काढला जातो, तेव्हा हे दोन्ही विषय नेमके त्याच खान्यात पडतात. डीओ (ऑस्टिओपॅथिक) मेडिकल शाळांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे. २०१७ पासून तीही सोय बंद झाली.

आणि लपवायचा विचारही नको. शेवटच्या ट्रान्सक्रिप्टची वाट बघत अर्ज रांगेत लागतच नाही, आणि गर्दीच्या दिवसांत रांगेत लागल्यावर पडताळणीला सहा आठवडेही जातात. जूनच्या सुरुवातीला अर्ज टाकणारा आणि ऑगस्टमध्ये पडताळणी होणारा एकाच वर्षातले असले तरी एका रांगेतले नसतात.

जाता जाता, खास आपल्याकडची अडचण: कम्युनिटी कॉलेजात नाव माहेरचं, विद्यापीठात सासरचं, किंवा एका ठिकाणी वडिलांचं नाव मधलं आणि दुसरीकडे गायब. अर्जात पर्यायी नावं लिहायची जागा असते, तिथे सगळी लिहा. ट्रान्सक्रिप्ट मागवताना एएमसीएएसने दिलेला ट्रान्सक्रिप्टचा आयडी जोडा. नाहीतर कागद पोहोचतो, पण कोणाचा ते जुळत नाही.

उन्हाळ्यात उरकणं

कॅलिफोर्नियात एक सेमिस्टर युनिट म्हणजे वर्ग, प्रयोगशाळा आणि घरचा अभ्यास धरून किमान ४८ तास. पाच युनिटची केमिस्ट्री म्हणजे २४० तास. सोळा आठवड्यांत आठवड्याला १५, सहा आठवड्यांत ४०. त्यात नोकरी, त्यात एमकॅटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) तयारी, त्यात ऑगस्टमधली भारतवारी. गणित जमत नाही. सायकॉलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्स उन्हाळ्यात घ्या, हरकत नाही. केमिस्ट्री नको.

बाकीच्या चुका

बायोकेमिस्ट्री कम्युनिटी कॉलेजात सहसा नसतेच. ती विद्यापीठातून घ्यायची सोय आधी बघून ठेवा, एमकॅटच्या आधी. त्या परीक्षेत ती दोन विभागांत हात-पाय पसरून बसलेली आहे.

विद्यापीठात शिकताना फक्त ऑरगॅनिकसाठी कम्युनिटी कॉलेजात पळून जाणं. तिथलं ऑरगॅनिक वाईट असतं असं नाही, पण पळ दिसतो. सुरुवातीची दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात सरळ काढली आणि मग विद्यापीठात वरच्या पातळीचे विज्ञान विषय चांगल्या ग्रेडने केले, तर कोणी काही म्हणत नाही.

विषय सोडायच्या दोन तारखा असतात: एक, जिच्याआधी सोडला तर खूण राहत नाही, आणि दुसरी, जिच्याआधी सोडला तर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) लागतो. दोन्ही पहिल्या दिवशी कॅलेंडरवर लिहा. एक ‘डब्ल्यू’ कोणी बघत नाही, चार बघतात.

शिफारसपत्र शिक्षकाकडून त्याच टर्ममध्ये मागा. इथले बरेच शिक्षक अर्धवेळ असतात, पुढच्या वर्षी त्यांचा ईमेलही चालू नसतो. पत्र इंटरफोलिओसारख्या पत्रं सांभाळणाऱ्या सेवेत ठेवून घ्या, तीन वर्षांनी उपयोगी पडतं.

पुण्या-मुंबईची बीएस्सी हातात असलेल्यांसाठी: भारतातले गुण एएमसीएएस पडताळत नाही, आणि बऱ्याच शाळांना अमेरिकन पदवी किंवा निदान मोठा हिस्सा अमेरिकन कॉलेजातला हवा असतो. नुसते हे विषय घेऊन भागेलच असं नाही. शिवाय अनेक सरकारी मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांचेच अर्ज घेतात. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असाल तर आधी हव्या त्या दहा शाळांना ईमेल करून लेखी उत्तर घ्या. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर म्हणजे स्वस्त, म्हणून आधी फी भरून मग विचारायला जाऊ नका.