बेटावरच्या तुरुंगातून पळणारी एकांकिका : या चुका टाळा

स्पर्धांचा मोसम आला की मुंबईतल्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या तालमीत तुरुंग फोडायची संहिता निघतेच. त्यात तुरुंग बेटावरचा असला की दिग्दर्शक खूश. काळे ठोकळे, गजांच्या सावल्या आणि लाटांचा ट्रॅक, नेपथ्य झालं! घोळ पुढे सुरू होतो.

चौघं एका कोठडीत मेणबत्तीभोवती बसून नकाशा काढतात, हा प्रवेश आधी कापा. अल्काट्राझ, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या बेटावरचा अमेरिकन तुरुंग, तिथे एका कोठडीत एकच कैदी असे. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्येही तेच, आणि तिथे एका विंगच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या विंगची पाठ, म्हणजे समोरच्याला खुणावायचीही सोय नाही. १९६२ च्या अल्काट्राझ पलायनात जॉन आणि क्लॅरेन्स अँग्लिन हे भाऊ एकमेकांच्या शेजारी होते, फ्रँक मॉरिस आणि अ‍ॅलन वेस्ट एकमेकांच्या शेजारी. मग दोन नट शेजारी बसवा, मध्ये फळी उभी करा आणि दोघांनाही प्रेक्षकांकडे तोंड करून बोलू द्या. एकमेकांकडे न बघता कट शिजतोय, याचा ताण आपोआप येतो.

दुसरी चूक सगळेच करतात. ब्लॅकआऊट, ठकठक, उजेड, भिंतीला भोक! अल्काट्राझच्या या चौघांचं खरं काम कित्येक महिने चाललं होतं. वॉशबेसिनखाली हवेची जाळी होती. तिच्याभोवतीची भिंत त्यांनी चमचे आणि व्हॅक्युम क्लीनरच्या मोटारीपासून केलेल्या ड्रिलने पोखरली. आवाज लपवायला संध्याकाळचा वाद्यं वाजवायचा तास होता. भिंतीमागे पाइपांची अरुंद बोळ, तिथे पहारा नाही. वर, कोठड्यांच्या माथ्यावर, त्यांनी चक्क कारखाना थाटला होता. पन्नासहून जास्त रेनकोट जोडून तराफा आणि लाइफ जॅकेट. तराफ्यात हवा भरायला कॉन्सर्टिना, म्हणजे पेटीच्या भात्यासारखंच वाद्य! हे रंगमंचावर दिसलं पाहिजे. एक नट पूर्ण प्रयोगभर मागे रेनकोट शिवत बसला तरी चालेल.

अंथरुणात ठेवायची नकली डोकी साबण, टॉयलेट पेपर असलं काहीबाही वापरून केली होती आणि केस तुरुंगातल्या न्हाव्याकडचे होते. इथे प्रॉपवाले लालबागच्या कारखान्यातून आणल्यासारखं देखणं डोकं करतात. नको. पांघरुणातून केस आणि अर्धा कान दिसला की पुरे. रात्रीच्या गिनतीला गार्ड टॉर्च मारून पुढे जातो, एवढंच ते फसवायचं आहे.

आता समुद्र. आपल्याला मुंबईचं कोमट पाणी आणि घारापुरीची लाँच माहीत, म्हणून आपले कैदी धडाधड उड्या मारतात आणि मागे शार्क लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत खरा शत्रू थंडी आहे. पाणी साधारण १० ते १५ अंश, किनारा दोन किलोमीटरच्या आसपास, आणि ओहोटी गोल्डन गेटमधून सरळ पॅसिफिकमध्ये ओढून नेणारी. डिसेंबर १९६२ मध्ये अल्काट्राझचाच दुसरा कैदी जॉन पॉल स्कॉट पोहत पलीकडे पोहोचला खरा, पण गोल्डन गेट पुलापाशी थंडीने अर्धमेला सापडला आणि परत आत गेला. म्हणून शार्कचं म्युझिक काढा. नटाला गाठ बांधायला द्या आणि त्याची बोटं वळत नाहीत ते दाखवा. भरती-ओहोटीची वेळ संवादात आणायची असेल तर वरळी कोळीवाड्यात जाऊन कुणा काकांना उधाण (मोठी भरती) आणि भांग (पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस) समजून घ्या. गूगलपेक्षा बरं सांगतील.

अंदमान घेताय? मग सावरकरांची उडी तिथे टाकू नका. ती ८ जुलै १९१० ची, मार्सेय बंदरात, मोरिया बोटीवरून. अंदमानात ते १९११ मध्ये पोहोचले. सेल्युलर जेलची इमारत १९०६ ला पूर्ण झाली, त्यामुळे १८५८ च्या कैद्यांच्या वसाहतीतून जंगलात पळालेल्या दूधनाथ तिवारीला त्या इमारतीच्या कोठडीत बसवलंत तर परीक्षक बरोबर पकडतील. शिवाय तिथून मद्रास किंवा कलकत्ता हजार किलोमीटरहून दूर. पोहून जायची बातच सोडा.

शेवट बहुतेकांचा गंडतो, कारण अल्काट्राझमधून निसटलेले मॉरिस आणि अँग्लिन बंधू हे तिघं वाचले की बुडाले हे ठरवायची घाई असते. एफबीआयने १९७९ मध्ये तपास थांबवला, फरार कैद्यांना शोधणाऱ्या यूएस मार्शल्सनी फाइल उघडी ठेवली. तुम्ही कशाला बंद करता? माझ्या मते नाट्य मागे राहिलेल्या चौथ्यामध्ये, अ‍ॅलन वेस्टमध्ये आहे. त्या रात्री त्याचं भोक पुरेसं मोठं झालं नाही. धडपडत छतावर पोहोचला तोवर तिघं निघून गेलेले. तो परत कोठडीत आला, आणि या पलायनाचं बरंचसं पुढे त्याच्याच जबानीतून कळलं. तुमच्या संहितेत तो नसेल तर आधी लिहा. चौथा नट आहेच तुमच्याकडे, सध्या त्याला गार्डचं काम देऊन ठेवलंय.