इटलीच्या अनवट वाईन्स मित्रांबरोबर चाखताय? मग या चुका टाळा

इटलीत राहायला आलेल्या आपल्या लोकांचं साधारण ठरलेलं असतं. पहिलं वर्ष किआन्ती आणि प्रोसेक्कोत जातं, मग ऑफिसातला कोणीतरी इटालियन त्याच्या गावाकडची एखादी बाटली हातात ठेवतो आणि आपल्या डोक्यात येतं की चला, शनिवारी सगळ्यांना जेवायला बोलवू आणि चार-पाच अनोळखी वाईन्स उघडू. आयडिया झकास आहे. पण बऱ्याचदा दोन घोट घेऊन "ठीक आहे यार" म्हणत लोक ग्लास बाजूला सरकवतात, आणि त्यात वाईनचा दोष क्वचितच असतो. घोळ झालेला असतो फ्रीजमध्ये, वाढायच्या क्रमात, नाहीतर त्याच्याही आधी दुकानात.

अर्धं नाव वाचून बाटली उचलणं

माझ्या मते हा सगळ्यात कॉमन घोळ. इटलीत एकच नाव तीन ठिकाणी तीन वेगळ्या वाईन्सना असू शकतं. वेर्नाच्चाच घ्या. तोस्कानातल्या सान जिमिन्यानोची वेर्नाच्चा म्हणजे साधी, ड्राय (गोड नसलेली) व्हाईट, 1966 मध्ये इटलीत डीओसी दर्जा (वाईनच्या मूळ ठिकाणाची सरकारी हमी) द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्यांदा हिलाच मिळाला. सार्दिनियातल्या ओरिस्तानोची वेर्नाच्चा पिंपात मुद्दाम हवा लागू देऊन मुरवतात, स्पेनच्या शेरी वाईनसारखी, बदाम-अक्रोडाच्या वासाची. आणि मार्केमधल्या सेर्रापेत्रोनाची तर चक्क लाल आणि फसफसणारी! तिन्ही द्राक्षांचा एकमेकांशी संबंध नाही. आता माशांबरोबर हलकी व्हाईट हवी म्हणून गेलेल्या माणसाने ओरिस्तानोवाली आणली तर टेबलावर "ही गेलीय रे" असंच होणार ना.

चेरासुओलोचंही तेच, आब्रुत्सोची गडद रोझे (गुलाबी वाईन) असते आणि सिसिलीतल्या वित्तोरियाची रेड. मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो मधलं मोन्तेपुल्चानो हे द्राक्ष, तर व्हिनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो मधलं तोस्कानातलं गाव आणि तिथली वाईन सान्जोवेझेची (हेच द्राक्ष आपल्याकडे अकलूजलाही लावलंय, ज्यांना गावी गेल्यावर तुलना करायची असेल त्यांच्यासाठी). लाक्रिमा दी मोर्रो द'आल्बा मधल्या आल्बाचा पिएमोन्तेत, बारोलो या नामांकित रेडच्या गावाजवळ असलेल्या आल्बाशी काही संबंध नाही, ही मार्केची, गुलाबाच्या वासाची रेड. तेव्हा एनोतेकात (वाईनच्या दुकानात) गेलात की पूर्ण नाव दाखवा, आणि जेवायला काय करणार आहात तेही सांगा. तिथले लोक आनंदाने अर्धा तास बोलतात.

"रेड वाईन रूम टेम्परेचरला" हे डोक्यातून काढा

जुलैत मिलानच्या फ्लॅटमध्ये रूम टेम्परेचर म्हणजे 28-30 डिग्री. त्या तापमानाला कुठलीही रेड नुसती अल्कोहोलसारखी लागते. त्यात कमी ओळखीच्या रेड्सपैकी बऱ्याच हलक्या असतात, त्यांना तर थोडा गारवाच हवा. आल्तो आदिजेची स्कियावा किंवा सिसिलीची फ्रापातो 13-14 डिग्रीला द्या, बघा कशी स्ट्रॉबेरीसारखी खुलते. लाम्ब्रुस्को, म्हणजे एमिलियाची फसफसणारी रेड, आणखी गार, 10 च्या आसपास. वेळ नसेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालू नका, पाणी असलं की बाटलीला सगळीकडून गारवा लागतो.

व्हाईटची चूक उलटी. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून थेट ग्लासात. साध्या व्हाईटला चालून जातं, पण टिमोरासोसारख्या वाईनचं वाटोळं होतं. पिएमोन्तेत तोर्तोनाच्या टेकड्यांवरचं हे द्राक्ष जवळजवळ संपलं होतं, 1980च्या दशकात वॉल्टर मास्साने ते पुन्हा धरून लावलं, आज ती वाईन डेर्तोना नावानेही मिळते आणि छान वर्षानुवर्षं टिकते. एवढी भारी वाईन 4 डिग्रीला प्यायली तर फक्त गार आणि आंबट कळतं. अर्धा तास आधी बाहेर काढा. विसरलात तर ग्लास दोन्ही तळहातांत धरून बसा, बाकी काही करायची गरज नाही.

रंग बघून क्रम लावणं

आधी व्हाईट मग रेड हा नियम अर्धवट आहे. बघायचं असतं ते वजन, तुरटपणा आणि गोडवा. उंब्रियाची साग्रान्तिनो म्हणजे इटलीतल्या सगळ्यात तुरट रेड्सपैकी एक, ती आधी उघडली की नंतरची स्कियावा पाण्यासारखी लागते. आणि गोड वाईन, म्हणजे पान्तेल्लेरियाची पास्सितो (सुकवलेल्या द्राक्षांची वाईन) वगैरे, अगदी शेवटी. पुरणपोळी खाऊन वर चहा घेतला की तो बिनसाखरेचा वाटतो, तसंच होतं हे.

आठ जण असतील तर पाच बाटल्या पुरून उरतात. 750 मिलीच्या बाटलीतून 60 मिलीने बारा ग्लास होतात, म्हणजे सगळ्यांना एक राऊंड आणि आवडली त्याला थोडी अजून. सुरुवातीलाच ग्लास भरून दिले की तिसऱ्या बाटलीनंतर कोणाला काही कळत नाही.

तांबडा रस्सा आणि 15 टक्क्यांची रेड

मित्र आले की झणझणीत काहीतरी करायचा मोह होतोच. पण तिखट, तुरटपणा आणि जास्त अल्कोहोल एकत्र आले की जिभेची नुसती आग होते. झणझणीतच करायचं असेल तर लाम्ब्रुस्को दी सोर्बारा किंवा मोन्फेर्रातोची सुगंधी रुके घ्या. ड्राय लाम्ब्रुस्को आणि कांदा भजी हे तर खरंच करून बघा! एमिलियात ती न्योक्को फ्रित्तोबरोबर, म्हणजे तळलेल्या पिठाच्या पुऱ्यांबरोबरच पितात, तळणाचा तेलकटपणा ती मस्त कापते. फक्त लेबलवर 'सेक्को' बघा, नाहीतर गोड निघते. आर्टिचोकची भाजी मात्र या मेन्यूत नको, त्यानंतरचा घोट उगाच गोडसर लागतो.

व्हेज मित्रांचंही बघा. पार्मिजानो चीज वासराच्या रेनेटनेच (जठरातल्या विरजणाने) बनतं, त्यामुळे चीज प्लेट मांडायच्या आधी विचारून घ्या. वाईन स्वच्छ करायलाही कधी अंड्याचा पांढरा भाग वापरतात, चालत नसेल तर वेगान लिहिलेली बाटली शोधा.

"खराब झालीय" म्हणायच्या आधी

ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट वास येत असेल तर बूच बाधलंय. त्याला उपाय नाही, बाटली ओतून देऊ नका, दुकानात परत न्या. विझलेल्या काडीचा किंवा अंड्यासारखा वास असेल तर जगमध्ये ओतून जोरात ढवळा आणि वीस मिनिटं थांबा, बहुतेक वेळा उडून जातो. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टारचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी. प्रोसेक्को 'कोल फोन्दो' गढूळच असते, तो यीस्टचा गाळ आहे. आणि तोंड एकदम कोरडं पडलं तर मटणाचा तुकडा किंवा चीज खाऊन पुन्हा एक घोट घ्या, तुरटपणा कमी लागतो.

उरलेल्या वाईनचं म्हणाल तर लाम्ब्रुस्को त्याच रात्री संपवा, दुसऱ्या दिवशी गॅस गेलेला असतो. साग्रान्तिनो उलट बूच लावून ठेवा, दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा जास्त छान लागते. पास्सितो फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात राहते.