नाताळच्या सुट्टीत खळ्यातली पंगत

नाताळच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून दहा-बारा माणसे मालवणकडच्या घरी यायची असतील, तर जेवणाचा बेत ठरवण्याआधी दिनदर्शिका पाहावी, कारण मार्गशीर्षातला गुरुवार आला तर निम्मी मंडळी मासळीला हात लावणार नाहीत. अशा दिवशी काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या हा बेत सर्वांना चालतो. वाटाणे मात्र आदल्या रात्रीच भिजत घालावेत, नाहीतर कुकरच्या कितीही शिट्ट्या काढल्या तरी ते दाताखाली कचकचतात.

सोलकढी आग्रहाने घरीच करावी. बारा जणांसाठी दोन मोठे नारळ आणि २०-२५ आमसुले पुरतात. आमसुले अर्धा तास पाण्यात भिजवून कुस्करावीत. खोवलेले खोबरे लसूण, हिरवी मिरची आणि जिऱ्यासह वाटून, कोमट पाणी घालत दोनदा पिळून रस काढावा आणि तो निवल्यावरच आमसुलांच्या पाण्यात मिसळावा. फिकट गुलाबी रंग आला की थांबावे. कढी म्हणून ती गॅसवर ठेवण्याची चूक करू नये, रस फाटतो.

पंगत सारवलेल्या खळ्यातच, म्हणजे घरापुढच्या अंगणातच मांडावी. तिन्हीसांजेला डास येतात, त्यासाठी एका कोपऱ्यात सोडणांची (नारळाच्या सालींची) धुरी पुरे. गप्पा उशिरापर्यंत रंगणार हे गृहीत धरून चटया व चादरी झोपण्यापूर्वी पडवीत घ्याव्यात, कारण पहाटेच्या दवाने त्या चिंब होतात.