कुत्र्याला डोंगरात माग काढायला शिकवताय? या चुका टाळा

साताऱ्याच्या आसपास कुत्र्यांना माणसाचा माग काढायला शिकवणारे वाढलेत, ही चांगली गोष्ट आहे. पण माग कुठून गेलाय हे माहीत असलेला मालकच कुत्र्याला बिघडवतो, हे किती वेळा सांगायचं?

यवतेश्वरच्या उतारावर एक तरुण आपली लॅब्राडॉर घेऊन आला होता. शेताच्या बांधावर ती सुरेख माग काढायची. इथं माणूस आडव्या पायवाटेनं गेला होता आणि दिवस कलला होता. कुत्री वाट सोडून बरीच खाली उतरली आणि नाक जमिनीला लावून समांतर चालू लागली. यानं दोरीला हिसका देऊन तिला वाटेवर आणलं. ती पुन्हा खाली, हा पुन्हा हिसका. शेवटी ती जागेवर बसली आणि याच्या तोंडाकडे बघत राहिली.

कुत्रीचं बरोबर होतं. ऊन उतरलं की डोंगराची हवा गार होऊन उताराकडे सरकते आणि वासही खाली नेते. सकाळी ऊन तापू लागलं की तो वर चढतो. ओघळीत साचून राहतो. वास पावलांवरच असेल, असं मुळीच नाही. त्या हिसक्यांनी ती एकच गोष्ट शिकली, उत्तर मालकाच्या चेहऱ्यावर असतं. ती सवय मोडायला अख्खा हिवाळा गेला.

सुरुवातीचे छोटे माग सोडले, तर मी माग दुसऱ्यालाच घालायला, म्हणजे आधी चालून जायला लावतो आणि तो कुठून गेला हे विचारत नाही. दहा मीटरची दोरी, तीही सैल. माग घालणारा मागून गप्प चालतो. कुत्र्यानं डोकं वर काढलं की मी थांबतो आणि त्याला फिरून शोधू देतो.

दुसरी चूक घाईची. चार दिवस गवतावर चाललं की लोक थेट कातळावर नेतात, तेही दुपारी. गवतावर माणसाच्या वासाबरोबर चिरडलेल्या गवताचा आणि उकरलेल्या मातीचा वास असतो. कातळावर यातलं काही नाही, आणि उरलेला वास ऊन-वारा उडवतो. आधी गवत, मध्ये चार पावलं खडक, पुन्हा गवत, असं पहाटेच्या दवात करा. लांबी, मागाचं वय (म्हणजे माणूस जाऊन किती वेळ झाला), जमीन यांतलं एका वेळी एकच बदला. ‘आठवड्यात तयार’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

कारवानकडून लॅब्राडॉरची अपेक्षा नको. ते नजरेनं धावणारं कुत्रं आहे, त्याला जास्त वेळ द्या.

दोरी गळपट्ट्याला नको, हार्नेसला बांधा. गळा आवळला की कुत्रं हुंगणार कसं?

सरावासाठी कासच्या पठारावर जाऊ नका. तिथली फुलं तुडवण्यासाठी नाहीत.

आणि पावसाळा सरला की घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कान, नाक तपासा. कुसळ आत घुसलं की जखम चिघळते. नाकात गेल्यासारखं वाटलं, कुत्रं सारखं शिंकू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.